शेवटच्या पंगतीचं गणित

सरांच्या घरी चहा झाला की पहिला कप कोणालाच मिळत नसे. तो बशीने झाकून खिडकीत ठेवला जाई. "हा कोणाचा?" असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तर सर म्हणाले, "जो शेवटी येईल त्याचा." कोण येणार होतं? कोणीच नाही. तासाभराने काकूंनी तो गार चहा पुन्हा तापवला आणि स्वतःच प्यायल्या. "माझ्या नशिबी रोज दुसऱ्यांदा उकळलेला चहा," त्या मला म्हणाल्या, "आणि ह्यांना वाटतं जगाला न्याय मिळाला."

मी तेव्हा शहापूर तालुक्यात, डोळखांबच्या बाजूला एका गावात ग्रामसेवक म्हणून नव्याने रुजू झालो होतो. राहायला सरांच्या घराची पुढची खोली मिळाली. सरांनी सगळी नोकरी मुरबाडच्या कॉलेजात गणित शिकवण्यात काढली. अर्थशास्त्राचे प्राध्यापक तिथे टिकत नसत, म्हणून तोही विषय त्यांच्याच गळ्यात पडला होता. इतकी वर्षं एका डोक्यात शेजारी राहिल्यावर त्या दोन विषयांचं लग्न लागलं नसतं तरच नवल. त्या गणितात एक देवही होता. तो कुठून आला म्हणाल, तर तो तिथे आधीपासूनच होता.

लहानपणी त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं, की मारुतीच्या भंडाऱ्याला देव स्वतः जेवायला येतो, पण त्याला धक्काबुक्की जमत नाही, त्यामुळे त्याला जागा मिळते ती शेवटच्या पंगतीत. एखादं पोर हे ऐकून झोपी गेलं असतं. सरांनी विचारलं, "मग शेवटच्या पंगतीला आमटी इतकी पातळ का?" आपण सगळेच पंगतीला जेवलेलो आहोत. पहिल्या पंगतीला फोडणीसकट दाट आमटी येते आणि शेवटच्या पंगतीला येतं ते पाणी, ज्यात डाळ नुसती आंघोळ करून गेलेली असते. आपण ते पितो, ढेकर देतो आणि विसरतो. हा माणूस ते विसरला नाही. त्याने त्या आमटीवर सगळं आयुष्य घालवलं.

सरांचा प्रश्न मला जेवढा समजला तेवढा सांगतो. वस्तू मोजकी आहे, माणसं किती येतील ते ठाऊक नाही आणि वाढणारा एका टोकाकडून निघतो. तर कसं वाढलं म्हणजे शेवटच्याला पहिल्याइतकंच मिळेल? उत्तर ऐकायला अगदी सोपं होतं. शेवटच्याचं आधी काढून ठेवायचं आणि मग पहिल्याकडे वळायचं. पण किती काढून ठेवायचं आणि तसं केल्याने कोणाचंच नुकसान होत नाही हे कशावरून, ते सिद्ध करायला त्यांना तरुणपणाची बरीच वर्षं लागली. ते सगळं इंग्रजीत नीट लिहून त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या मासिकाकडे पाठवलं. तिथल्या जाणकारांनी कळवलं की गणित चोख आहे, नवीन आहे, छापण्यासारखं आहे. फक्त पहिलं गृहीतक तेवढं काढा.

पहिलं गृहीतक होतं : देव शेवटच्या पंगतीत बसतो.

"मग काढायचं की हो!" मी म्हणालो. मी सरकारी माणूस. वरून शेरा आला की आम्ही कागद दुरुस्त करून परत पाठवतो. त्यात विचार करण्यासारखं काय असतं?

"ते काढलं तरी बाकीचं गणित उभं राहतं, भाऊसाहेब," सर म्हणाले. आमच्याकडे ग्रामसेवकाला सगळे भाऊसाहेबच म्हणतात. "पण मग ते कशासाठी उभं आहे ते कळत नाही."

त्यांनी ते काढलं नाही, मासिकाने छापलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी त्यांचा एक जुना विद्यार्थी, जो आता परदेशात शिकवतो, त्याने व्हिडिओ कॉल केला. मी तिथेच होतो. तो अगदी कळवळून सांगत होता, "सर, तुम्ही तेव्हा केलंत त्याची आता इथे मोठी शाखा झालीये. लोकांना त्यावर मानसन्मान मिळतात. तुमचं नाव कोणाला माहीतसुद्धा नाही हो!" माझंच रक्त उसळलं. सर मात्र मोबाइलजवळ तोंड नेऊन विचारत होते, "अरे, त्यांनी देवाला कुठे बसवलंय?"

"देव नाहीये सर त्यात."

"मग शेवटी कोण बसतं?"

"कोणीही. जो शेवटी येईल तो."

सर खूश झाले. "मग ठीक आहे. जागा ठेवलीये ना? बसेल तो येऊन." आणि त्यांनी फोन काकूंकडे दिला, कारण काकूंना त्या विद्यार्थ्याच्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची होती.

अशा माणसाबरोबर राहणं सोपं नसतं. मुरबाडच्या स्टँडवर ते कायम सगळ्यांना पुढे जाऊ देऊन शेवटी एसटीत चढत, त्यामुळे नोकरीभर ते उभ्याने गेले आणि उभ्याने आले. एकदा बाजाराच्या दिवशी माणसं येतच राहिली, सर "या, या" करत बाजूला होत राहिले आणि कंडक्टरने घंटी मारली. गाडी गेली. मध्यरात्री चालत घरी आले तेव्हा काकूंनी तोंडसुख घेतलं. ह्यांचं म्हणणं, "आज एक नवीन गोष्ट कळली. रांगेला शेवटच नसेल तर हे प्रमेय लागू पडत नाही." खिशात खडू कायम असायचा. पडवीच्या कोब्यावर त्यांनी तिथल्या तिथे ते मांडलं. दुसऱ्या दिवशी काकूंच्या कोंबड्यांनी त्यावर हिंडून त्यात बरीच भर घातली.

स्वतःच्या लग्नातसुद्धा ते शेवटच्या पंगतीला बसले होते. नवरीने नवऱ्याबरोबर जेवायचं, म्हणून काकू तोवर उपाशी. "त्याच दिवशी मला कळायला हवं होतं," काकू म्हणायच्या. पण म्हणताना त्या हसायच्या, आणि मला खरंच वाटतं, ह्या माणसावर त्यांचा जीव होता.

मी आलो त्याच वर्षी गावाने सरांना भंडाऱ्याच्या वाढपाचे प्रमुख केलं. मान म्हणून केलं. सर ते काम म्हणून घेतील असं कोणाला वाटलं नव्हतं. पण सकाळी आमटी तयार झाल्याबरोबर त्यांनी सर्वांत मोठा टोप बाजूला काढायला लावला, त्यावर झाकण ठेवलं आणि शेजारी स्वतः खुर्ची टाकून बसले. उरलेल्या आमटीतून प्रत्येक पानावर एकच ओगराळं. पहिल्या पंगतीला तालुक्याचे एक पुढारी होते. त्यांनी दुसऱ्यांदा आमटी मागितली. सर नम्रपणे म्हणाले, "शेवटची पंगत उठली की या. उरली तर नक्की देऊ."

पुढे जे झालं त्यात माझी नोकरी जायची तेवढी बाकी राहिली होती. सरपंच, म्हणजे आमचे दादा, लाल होऊन आले. "सर, गावाची आब्रू काढलीत तुमी! पावन्याला आमटी नाय?" सर झाकणावरचा हात काढायला तयार नाहीत. आणि खरी फजिती अजून पुढेच होती. शेवटची पंगत बसली ती पाड्यावरच्या माणसांची. झाकण निघालं, दाट आमटी भरभरून वाढली गेली, आणि एकही जण काही खाईना. भाताशी चाळा करायचे आणि उठायचे. टोप जवळजवळ भरलेलाच राहिला. दादा कमरेवर हात ठेवून बघत होते.

सरांकडे कामाला येणारी यमुना त्या पंगतीत होती. सर्वांत लांबच्या, दरीपलीकडच्या पाड्यावर तिचं घर. तिने हळूच सांगितलं, "सर, तुमी आदी सांगाया पायजे व्हतं. आमी दरसाल घरून जेवूनच येतो. हितं निस्ता परसाद म्हनून बसतो."

मला सरांच्या तोंडाकडे पाहवेना म्हणून मी दुसरीकडे पाहिलं. थोड्या वेळाने बघतो तर हा माणूस त्या टोपाशेजारी उकिडवा बसून जमिनीवर खडूने काहीतरी लिहितोय. "भाऊसाहेब, केवढी मोठी चूक होती!" ते आनंदाने म्हणाले. "मी आमटी मोजली, पण खात्री मोजलीच नाही. पुढच्यांना खात्री नाही म्हणून ते दोनदा मागतात. मागच्यांना खात्री नाही म्हणून ते मागतच नाहीत. नुसतं राखून ठेवून उपयोग नाही, दोघांना ते आधीपासून माहीत पाहिजे आणि पटलेलं पाहिजे. ते झालं की सगळेच कमी घेतात." इतकी फजिती झाल्यावर इतका सुखी दिसलेला माणूस मी पाहिलेला नाही. ती आमटी मग आम्ही घरोघर पोचवली, आणि मला दोन दिवस दुसरं काही खायला मिळालं नाही.

ह्यानंतर त्यांना कोणी वाढपाला बोलावलं नाही. आणि त्यांचं हे खात्रीचं गणित पडवीतच राहिलं असतं, जर त्या उन्हाळ्याआधी यमुना काकूंपाशी रडली नसती.

तिची मुलगी सुरेखा वाशिंदला दिलेली. जावई तिथल्या कारखान्यात. पोरीला दिवस गेले होते, पहिलंच बाळंतपण, आणि ते माहेरी व्हायचं ही आपल्याकडे काही मागून घ्यायची गोष्ट नाही. यमुनेने तिच्यासाठी डिंक गोळा करून ठेवला होता, नाचणी दळून ठेवली होती. पण विहीणबाईंनी निरोप धाडला : पोरगी येणार नाही.

"काय म्हनाली म्हायतीय, काकू? तुमच्या पाड्याव पानी नाय. ओली बाळंतीन पोरीला अंगोळ कशानं घालशील? धुनी कुठं धुशील? म्हनली, पानी दाव आनि पोरगी ने." यमुना पदराने डोळे पुसत होती. "आनि गो काकू, ती खोटं कुठं बोलते?"

ती खोटं बोलत नव्हती. ह्या तालुक्यात मोठमोठी धरणं आहेत, त्यांचं पाणी शहरात जातं, आणि आमच्या पाड्यांवरच्या बाया चैत्र लागला की झऱ्याची वाट धरतात. आमच्या गावाला नळयोजना झाली होती, अगदी यमुनेच्या पाड्यापर्यंत पाइप पोचला होता, नळही उभे होते. पाणी तेवढं पोचत नव्हतं. टाकी गावाच्या डोक्यावर. पाणी सुटलं की आधी गावाला, मग मधल्या पाड्यांना, आणि दरी ओलांडून शेवटी तिथे. गावात घरोघर पिंपं, पिंपं भरली की बादल्या, बादल्या भरल्या की तांबेसुद्धा. पुन्हा कधी येईल कोणी सांगावं? शेवटच्या नळाला नुसती हवा सुसू करायची. माझ्या दफ्तरी मात्र ती योजना पूर्ण झालेली होती.

सर सगळं ऐकत होते. मला वाटलं, आता खडू निघणार. पण ते तसेच उठून चपला घालून दादांकडे गेले. मी मागोमाग धावलो, कारण दादांच्या मनातून भंडारा अजून गेलेला नव्हता.

"उलट्या बाजूने पाणी सोडा," सर म्हणाले. "आधी शेवटचा पाडा. त्यांचं भरलं की त्यांचा व्हॉल्व्ह बंद. मग मधले. मग गाव. आणि वार ठरवून द्या, तो मोडायचा नाही."

"म्हंजी टाकी आमच्या दारात आनि आमी शेवटी?" दादा उसळले. "गावानं मना शिव्या घालाव्या असं वाटतं का तुमाला? आनि गावाला कमी पडलं म्हंजी?"

"कमी पडलं तर माझी विहीर घ्या. गावाने माझ्या विहिरीवर भरायचं, उन्हाळाभर."

हे ऐकल्यावर दादा कबूल झाले. सरांची विहीर म्हणजे गावातलं न आटणारं एकमेव पाणी. त्यावर त्यांची भाजी, गुरं आणि काकूंची आंब्याची कलमं. घरी आल्यावर काकू म्हणाल्या, "विहीर माझ्या सासऱ्यांनी खणलीये, प्रमेयाने नाही." सर चपला जागेवर लावत राहिले. थोड्या वेळाने काकूच म्हणाल्या, "यमुनेची पोर कधी यायचीये?" आम्हाला परवानगी मिळाल्याचं आम्ही समजून घेतलं.

ठरलेल्या दिवशी मी स्वतः टाकीवर गेलो आणि फक्त शेवटच्या पाड्याचा व्हॉल्व्ह उघडायला लावला. मग मोटारसायकलवरून दरी ओलांडून पाड्यावर पोचलो. सर आणि दादाही तेवढ्यात येऊन पोचले. नळ भडाभडा वाहत होते आणि पाड्यावर चिटपाखरू नव्हतं. एकही हंडा नळाखाली नाही. मी खाली पाहिलं, तर पाणी रस्त्याने उतारावर चाललं होतं.

"बगा!" दादा ओरडले. "वाया चाललंय! यांना नकोच हाय पानी. बंद करा ते, भाऊसाहेब, आताच्या आता."

बाया झऱ्यावर गेल्या होत्या. नळाला पाणी येईल हे त्यांना सांगितलेलं होतं, पण असं सांगणं त्यांनी पुष्कळ ऐकलं होतं. घरून जेवून यायची ती तीच जुनी सवय. माझाही पारा चढला होता, खोटं का सांगू. पण सरांनी धावत जाऊन समोरच्या पडवीतली कळशी उचलून नळाखाली लावली, मग दुसऱ्या घरातली घागर, आणि ह्या वयात तो माणूस धापा टाकत लोकांची भांडी भरत सुटला. ते बघून मी बाही वर सारली. मग पुटपुटत दादांनीही एक हंडा उचलला. पाड्याला पाणी भरणारा सरपंच आमच्या तालुक्यात तोवर कोणी पाहिला नसावा.

बाया डोक्यावर हंडे घेऊन चढ चढून आल्या, तर दारात भरलेली भांडी. यमुनेने हंडा उतरवला, घागरीत हात बुडवला आणि नुसती बघत राहिली.

"पुढच्या वारी परत येणार," सर तिला म्हणाले. "त्याच वेळी. घरोघर सांग. तू नळाशी थांब, झऱ्याला जाऊ नकोस."

"नाय आलं म्हंजी?"

"मी इथे येऊन बसतो. नाही आलं तर मला बोल."

आणि ते खरोखरच दर पाळीला जाऊन बसू लागले. पाणी यायच्या आधी पाड्यावर खुर्ची टाकलेले सर दिसू लागले, तेव्हा कुठे बायांनी झऱ्याची वाट सोडली. पण मला खरं नवल वाटलं ते गावाचं. सुरुवातीला गावाने शिव्या घातल्या, दादांनी त्या माझ्याकडे पाठवल्या. सरांची विहीर वापरायलाही लोक आले. मग वार चुकत नाही हे एकदा ध्यानात आल्यावर एकेका घराचं जादा पिंप अंगणातून हललं. कोणी त्यात भात भरला, कोणी कोंबड्या डालल्या. विहिरीवरची गर्दी आटली. एके दिवशी दादा स्वतः कचेरीत येऊन म्हणाले, "ओ भाऊसाहेब, टाकीत पानी उरलंय. गावाचं भरून उरलंय! ह्यो काय परकार हाय?" मी म्हटलं, सरांना विचारा. ते म्हणाले, नको, ते लिहून दाखवतात.

विहीणबाई खात्री करायला स्वतः आल्या, आणि त्याही मुद्दाम पाणी सुटायचा दिवस सोडून. खर्डीहून रिक्षा करून, तोंडावर नापसंती घेऊन. यमुनेने पिंपावरचं झाकण काढलं. त्यांनी आत वाकून पाहिलं, दुसऱ्या घरात जाऊन पाहिलं, तिसऱ्या घरात पाहिलं. सगळीकडे भरलेलं. मग त्यांनी मुक्काम केला आणि मंगळवारी नळाला पाणी येताना डोळ्यांनी पाहूनच उठल्या. "आमच्याकडं तर मंगळवारी येतच नाय," त्या जरा नाराजीने म्हणाल्या. आठवडाभरात सुरेखा माहेरी आली.

तिला शहापूरच्या सरकारी दवाखान्यात मुलगी झाली. पाड्यावर आणल्यावर काकूंनी डिंकाचे लाडू दिले आणि ते घेऊन सर आणि मी गेलो. दारात पोचलो तर मागच्या बाजूला साडीचा आडोसा केलेला, आणि त्यामागे यमुना लेकीला न्हाऊ घालत होती. चुलीवर हंडा वाफाळत होता. आडोशाखालून पाणी वाहत येऊन अंगणाच्या कडेने उतारावर चाललं होतं. आत कुठेतरी बाळ रडत होतं आणि कोणाला त्याची घाई नव्हती.

सरांचा स्वभाव मला ठाऊक. नळाखाली सांडलेलं तांब्याभर पाणीही त्यांना सहन होत नसे. मी वाट बघत होतो, की आता काहीतरी बोलतील. ते त्या ओघळाकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ह्या माणसाचं नाव कुठल्या पुस्तकात नाही ह्याचं जे दुःख मी इतके दिवस त्याच्या वतीने करत होतो, ते मला त्या क्षणी करावंसं वाटलं नाही.

आडोशामागे सुरेखा म्हणत होती, "बास गो आये, किती वतशील? तुला काय उरंल?"

"बस गप," यमुना म्हणाली, आणि तांब्या पुन्हा हंड्यात बुडाल्याचा आवाज आला. "घे अजून. पानी हाय."